रिंगण मोडू नये

नाच मूठभरांनी सादर करायचा आणि बाकीच्यांनी पाहायचा, अशी वाटणी पक्की होत चालली आहे. आंतरराष्ट्रीय नृत्य दिनी या वाटणीचाच फेरविचार व्हायला हवा.

आज २९ एप्रिल, आंतरराष्ट्रीय नृत्य दिन. आंतरराष्ट्रीय रंगभूमी संस्थेच्या नृत्य समितीने १९८२ साली या दिवसाची निवड केली, कारण ज्याँ-जॉर्ज नोव्हेर या फ्रेंच नृत्यरचनाकाराचा हा जन्मदिवस. १७२७ साली जन्मलेल्या नोव्हेरने १७६० मध्ये नृत्याविषयीची आपली पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. नर्तकाने मुखवटा उतरवावा, अवजड टोप आणि फुगीर पोशाख टाकावेत, नुसत्या करामतींपेक्षा भावना दाखवावी, असा त्याचा आग्रह होता आणि पुढच्या बॅलेची घडण त्यातून झाली. रंगमंचाच्या अशा धुरिणाच्या जन्मदिनी रंगमंचावरील नृत्याचा गौरव व्हावा हे उचितच. आपल्याकडेही घुंगरू बांधून वर्षानुवर्षे रियाज करणाऱ्या मुलामुलींचे कार्यक्रम आज ठिकठिकाणी होतील. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने कथक शिकणे हेच धाडस होते. आज त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, हे त्या पिढीचे मोठे देणे आहे. त्या साधनेचा पूर्ण आदर ठेवून आज दुसऱ्या एका नाचाविषयी बोलायचे आहे. त्याला तिकीट नसते, परीक्षा नसते, पाय चुकला तर गुण जात नाहीत. तो हौसेचा नाच, सगळ्यांचा नाच. तो टिकवण्याची जबाबदारीही सगळ्यांची आहे.

या नाचाची जुनी जागा म्हणजे रिंगण. डहाणू, तलासरी, जव्हारच्या पट्ट्यात भाताची कापणी उरकली की वारली पाड्यांवर तारपा वाजू लागतो. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून बनवलेले हे वाद्य वाजवणारा मध्ये असतो आणि बायाबापे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. सूर बदलला की पावले बदलतात. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली आणि ही नागमोडी साखळी जगाने पाहिली. पण चित्राची चौकट करून घरात लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या साखळीची रीतही समजून घ्यायला हवी. दमलेला बाहेर पडतो, ताज्या दमाचा त्याची जागा घेतो. इथे नाचणारा आणि पाहणारा या दोन वेगळ्या जमाती नाहीत.

कोकणात गौरी-गणपतीला चाकरमानी गावी पोहोचला की जाखडीत उतरतो. मृदंग, झांज आणि गाणारे मधोमध, घुंगरू बांधलेले नाचे भोवती. वर्षभर मुंबईत पाठीवर डबा-पिशवी घेऊन लोकल गाठणारा माणूस त्या रात्री शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जबाबात पहाटेपर्यंत पाय थांबू देत नाही. सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडच्या धनगरांच्या गजा नृत्यात मोठमोठ्या ढोलांच्या घुमाऱ्यावर हातातले रंगीत रुमाल उडतात आणि पुन्हा रिंगणच धरले जाते. वारीत तर रिंगण हा सोहळाच. माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण चांदोबाचा लिंब येथे होते आणि पहिले गोल रिंगण पुरंदवड्याला. अश्व धावून गेले की टाळकरी आणि पखवाजवादक उडीच्या खेळाला सुरुवात करतात. विसाव्याच्या जागी साठीच्या बाया फुगड्या घालतात, तरण्या पोरांबरोबर आजोबा पावली खेळतात. तुकोबांनी आणि नाथांनी फुगडीसारख्या खेळांवर रचना केल्या, म्हणजे आपल्या संतांना नाचणाऱ्या शरीरात भक्तीला बाधा आणणारे काही दिसले नाही. उलट, देवाच्या नावाने का होईना, पण माणसाने आपले वय, पद आणि संकोच बाजूला ठेवून उडी मारावी, याची सोय त्यांच्या परंपरेने करून ठेवली.

स्त्रियांनी आपले रिंगण घरात राखले. श्रावणातल्या मंगळवारी, नव्याने लग्न झालेल्या मुलीच्या निमित्ताने, पूजा आटोपल्यावर रात्र जागवायची. झिम्मा, पिंगा, किकीचे पान, कोंबडा, गाठोडे, आगोटा-पागोटा, बसफुगडी, लाटण्याची फुगडी अशा या खेळांत कमर, गुडघे, खांदे, मनगटे सगळ्यांना काम मिळते. पण शरीराला व्यायाम होतो एवढेच सांगून मंगळागौरीचे महत्त्व संपत नाही. सासरी बोलता न येणारे कितीतरी त्या गाण्यांतून हसत-खेळत बोलले जाई. एरवी मान खाली घालून वावरणारी सून त्या रात्री मोकळ्या आवाजात सासूचे, नणंदेचे वाभाडे काढी आणि त्यावर सासूच टाळी देई. गोव्यात पौषाच्या चांदण्या रात्री मांडावर धालो रंगतात. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि हात पाठीमागे गुंफून पुढे-मागे झुलतात. तिथल्या ख्रिस्ती समाजाने एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य बॉलरूमची शिस्त आणि कोंकणी गीताचा हळवेपणा यांतून मांडो घडवला. शिगमो, फुगडी आणि मांडो हे सगळे एका छोट्या प्रदेशात नांदले, कारण प्रत्येकाच्या अंगणात नाचायची मुभा होती.

ही केवळ आपलीच पुण्याई आहे असे नाही. गुजरातचा गरबा मातीच्या घटातल्या दिव्याभोवती फिरतो आणि २०२३ साली तो युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. टँगोचा समावेश त्या यादीत २००९ सालीच झाला होता. ब्वेनोस आयरेस आणि माँटेव्हिडिओ या बंदरांच्या शहरांतल्या गरीब वस्त्यांमध्ये युरोपातून आलेले स्थलांतरित, आफ्रिकी गुलामांचे वंशज आणि स्थानिक माणसे यांच्या सरमिसळीतून टँगो जन्मला. तिथल्या मिलोंगामध्ये, म्हणजे नाचाच्या बैठकीत, आजही विशीतला मुलगा सत्तरीतल्या बाईंबरोबर नाचतो आणि सगळी जोडपी एकाच दिशेने फेर धरून सरकत राहतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७०च्या दशकात कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन मुलांनी ब्रेकिंग घडवले, तेही रस्त्यावर वर्तुळ करून. एकाने मध्ये यावे, आपली करामत दाखवावी आणि पुन्हा कडेच्या गर्दीत मिसळावे. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या या प्रकाराची मुळे पंच आणि गुणफलक यांच्यात नाहीत, त्या वर्तुळात आहेत. वारली पाडा, मिलोंगा आणि ब्राँक्सचा फुटपाथ यांनी एकमेकांकडून काही घेतलेले नाही. तरीही तिन्ही ठिकाणी माणसे गोलच उभी राहिली, कारण गोलात सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात.

मग हे रिंगण मोडले कसे? त्याचे एक उत्तर आपल्या सामाजिक इतिहासात आहे. ज्यांना आपण नाचताना पैसे देऊन पाहिले, त्यांना आपण माणूस म्हणून मान दिला नाही. लावणी कोल्हाटी आणि इतर वंचित समाजांतल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली. फडावर शिट्ट्या वाजवणाऱ्यांनीच गावात त्यांना वेगळे पाडले. बाईच्या वेशात उभा राहणारा नाच्या तर हेटाळणीचा विषय ठरला. आनंद यादवांच्या कादंबरीतून आणि त्यावरच्या ‘नटरंग’ चित्रपटातून ही वेदना महाराष्ट्राने पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासकडे सुधारकांनी आणि मिशनऱ्यांनी नाचाच्या बैठकांविरुद्ध मोहीम उभारली. शोषण थांबावे हा हेतू रास्त होता, पण त्या लाटेत नाच हीच शरमेची गोष्ट ठरली आणि सुशिक्षित घरांनी तो दाराबाहेर ठेवला. पुढे शास्त्रीय नृत्य सन्मानाने घरात परत आले, ते विद्या म्हणून. मौज म्हणून नाचणे मात्र अजूनही संशयाच्या फेऱ्यात आहे. वयात येणाऱ्या मुलीला ‘आता पुरे’ म्हणून थांबवले जाते आणि मुलाला ‘बाईसारखा नाचतोस’ म्हणून. याचा परिणाम असा की कित्येक पुरुष पोटात दारू गेल्याखेरीज नाचू शकत नाहीत. शुद्धीवर असताना आनंद दाखवायची लाज वाटावी, अशी ही आपण मुलांना दिलेली शिकवण आहे.

नाचाची धास्ती सत्तेलाही वाटत आली आहे. जोडीदाराला जवळ घेऊन नाचायच्या वॉल्ट्झवर लंडनच्या ‘टाइम्स’ने १८१६ साली अश्लीलतेचा ठपका ठेवला होता. न्यूयॉर्क शहराने १९२६ साली कायदा करून खास परवान्याशिवाय मद्यालये-उपाहारगृहांत नाचायला बंदी घातली. हार्लेममध्ये गोरे आणि काळे एकत्र येऊन नाचतात, ही त्यामागची एक पोटदुखी. त्याच १९२६ साली, त्याच हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडले आणि रंगाचा भेद न मानता हजारो माणसे तिथे लिंडी हॉप नाचली. तो कायदा रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कायद्याने क्लबमध्ये मध्यरात्रीनंतर नाचण्यावर निर्बंध होते, ते २०१५च्या दुरुस्तीने सैल झाले. या कायद्यांचे लेखक एका अर्थाने नाचाला बरोबर ओळखून होते. एका तालात हललेली माणसे एकमेकांना परकी मानायला तयार होत नाहीत.

विज्ञानही याच्या जवळपास पोहोचले आहे. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. जी मुले एका तालात, एकसारख्या हालचाली करत नाचली, त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढली आणि सोबतच्या मुलांविषयीची जवळीकही. ब्राँक्समधल्या ७५ वर्षांवरील ४६९ ज्येष्ठांच्या छंदांचा अभ्यास २००३ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्यवादन यांच्याबरोबर स्मृतिभ्रंशाचा कमी धोका ज्या एकमेव शारीरिक छंदाशी निगडित आढळला, तो नाच होता. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नाचताना पुढचे पाऊल आठवावे लागते, ताल ऐकावा लागतो, तोल सांभाळावा लागतो आणि शेजाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि हे सारे एकाच क्षणी. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. चालताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होणाऱ्या माणसाला तालाचा आधार मिळाला की पाऊल सुटते, हे अशा वर्गांतून दिसते. नाच हा तरुणांचाच प्रांत आहे, या समजुतीला यापेक्षा मोठा छेद कोणता?

आजच्या काळात रिंगण मोडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, स्पर्धा. दूरचित्रवाणीवर १९९६ साली ‘बूगी वूगी’ आला तेव्हा घराघरातली हौस पडद्यावर पोहोचल्याचा आनंद होता. त्यानंतरच्या मालिकांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना गुण, बाद फेऱ्या आणि अश्रू यांच्या गिरणीत घातले. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘चांगली नाचणारी’ दहा मुले निवडली जातात आणि उरलेली पन्नास त्या वयातच कायमची प्रेक्षक होतात. मंगळागौरीचे खेळ आता एकरंगी नऊवारी नेसलेल्या गटांकडून सादर केले जातात. त्या गटांतल्या पन्नाशीच्या बायांना मिळालेला आत्मविश्वास मोलाचा आहे, त्यांच्या मेहनतीला दाद दिलीच पाहिजे. पण पाहुण्या बाया खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करत राहिल्या, तर ती मंगळागौर राहत नाही, तो मंगळागौरीचा कार्यक्रम होतो.

दुसरी गोष्ट, आवाजाच्या भिंती. १९५४च्या ‘नागिन’मधली बीन, जी प्रत्यक्षात कल्याणजींनी क्लेव्हायोलिन या वाद्यावर वाजवली होती, तिच्यावर दोन पिढ्या रुमाल दातात धरून वरातीत लोळल्या. २०१६च्या ‘सैराट’ने पुन्हा एकदा गल्लीबोळातल्या पोरापोरींना एकत्र नाचवले. त्या नाचात जो मोकळेपणा होता, तो छाती हादरवणाऱ्या ध्वनिक्षेपकांनी मारून टाकला आहे. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कागदावर आहे. ती पायदळी तुडवली जाते आणि मग वैतागलेला नागरिक आवाजाबरोबर नाचालाही शिव्या देतो. चीनमध्ये चौकाचौकांत रोज संध्याकाळी नाचणाऱ्या प्रौढ बायांच्या बाबतीत असेच तंटे झाले. तिथे वेळा ठरवल्या गेल्या, आवाजावर बंधने आली आणि नाच चालू राहिला. आपल्याकडेही ढोलकी, हलगी, ताशा, संबळ असताना कानठळ्या बसवणारे यंत्र हवेच कशाला? हलगीच्या ठेक्यावर शंभर माणसे नाचू शकतात. भिंतीसमोर माणूस नाचत नाही, तो नुसता हादरत असतो.

सामान्य माणसाला नाचाची वाट दाखवणारा एक माणूस आपल्याच मातीत होऊन गेला. भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा हा मुलगा १९५१च्या ‘अलबेला’त नाचला तो नजाकत दाखवण्यासाठी नाही. चितळकर रामचंद्रांचे संगीत आणि गोव्याच्या चिक चॉकलेटच्या वाद्यवृंदाची साथ यांवर हात थोडे हलवत, गुडघे थोडे वाकवत, कडेकडेने सरकत दादांनी जे केले, ते पाहून चाळीतल्या प्रत्येकाला वाटले की हे मलाही जमेल. आणि जमलेही. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नात, गल्लीत ते पाऊल अजून दिसते. देह स्थूल, नृत्याचे शिक्षण नाही, आणि तरीही लाखोंना नाचायला लावणारा असा कलावंत विरळा. कौशल्याने माणसे थक्क होतात. दादांच्या नाचाने माणसे उठून उभी राहिली, हे त्यांचे कर्तृत्व अधिक मोठे.

म्हणून आजच्या दिवशी काही साध्या मागण्या. शाळांनी शारीरिक शिक्षणाच्या तासाला लेझीम, टिपरी, गोफ आणि आपापल्या भागातला एक तरी नाच सर्व मुलामुलींना शिकवावा, निवड न करता. गोफात एकाची वेणी दुसऱ्याशिवाय विणता येत नाही आणि ती उलगडायलाही सगळे लागतात. सहकाराचा यापेक्षा चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही. नगरपालिकांनी उद्यानातला एक सपाट तुकडा ठरावीक वेळी नाचासाठी मोकळा ठेवावा, आवाजाची मर्यादा पाळण्याच्या अटीवर. गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांना कुलपे असतात, ती कोजागरीला तरी उघडावीत. ज्येष्ठ नागरिक संघांनी व्याख्यानांबरोबर आठवड्यातून एक तास पावलीला द्यावा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत लेझमीचे आणि मंगळागौरीचे गट उत्साहाने उभे राहतात. त्यांनी व्यासपीठावरच्या सादरीकरणानंतर अर्धा तास तरी सगळ्यांना मैदानात उतरवावे. आणि ज्यांच्याकडून आपण हे नाच घेतो, त्या तारपावादकांना, जाखडीच्या बुवांना, फडावरच्या लावणी कलावंतांना योग्य मानधन आणि बरोबरीचा मान द्यावा. त्यांचा नाच आवडतो आणि त्यांची पंगत नको, हा दुटप्पीपणा आता संपायला हवा.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती मनाची तयारी. आपल्या मुलीला, मुलाला, आईला आणि वडिलांना कोणाच्या नजरेची भीती न बाळगता नाचता यावे, असे घर आणि अशी गल्ली घडवणे आपल्या हातात आहे. ज्या समाजातली माणसे शुद्धीत राहून, सर्व वयांची, सर्व जातींची, एकमेकांचा हात धरून नाचतात, त्या समाजात परस्परांविषयीचा विश्वास शाबूत असतो. नृत्य दिन साजरा करायचा तर सभागृहात टाळ्या वाजवून झाल्यावर घरी यावे, खुर्च्या भिंतीकडे सरकवाव्यात आणि घरातल्या सर्वांत लाजऱ्या माणसाला आधी हात द्यावा.